पाळीव सरड्याचं जिवंत खाद्य: कोकणातल्या घरांसाठी पायरीपायरीने

लेपर्ड गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन घरात आला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, याला रोज किडे आणायचे कुठून? शहरातल्या माणसाकडे एकच उत्तर असतं: विकत. आपल्याकडे मात्र संध्याकाळी ओसरीवरचा दिवा लावला की नाकतोडे, रातकिडे, पतंग आपसूक हजर होतात आणि वाटतं, चला, सोय झाली. नवीन पाळणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. दुखण्यांची सुरुवातही बऱ्याचदा इथूनच होते.

पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं एका प्रश्नाला धरून आहे. सरड्याच्या तोंडात जाणाऱ्या किड्याने त्याआधीचे आठ-पंधरा दिवस काय खाल्लं, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत असेल तर ते खाद्य. माहीत नसेल तर किडा कितीही टपोरा असो, तो देऊ नका.

आधी आपला सरडा ओळखा

सगळे सरडे किडे खाण्यासाठी जन्मलेले नसतात. हिरवा इग्वाना पूर्ण पाल्यावर जगणारा प्राणी आहे. तो समोर आलेला किडा खाईलही, पण अशी प्रथिनं वर्षानुवर्षं पोटात गेली की त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. इग्वाना पाळणाऱ्यांनी जिवंत खाद्याचा विचारच सोडून द्यावा. लेपर्ड गेको याच्या अगदी उलट, तो जन्मभर फक्त किडेच खातो, भाजीपाल्याकडे ढुंकूनही बघत नाही. बिअर्डेड ड्रॅगन दोन्हींच्या मधला: पिल्लू असताना मुख्यतः किडे, आणि वर्ष-दीड वर्षाचा झाला की ताटात पाला जास्त, किडे आठवड्यातून दोन-तीनदा.

कायद्याचंही इथेच उरकून घेऊ. घोरपड आणि आपल्या रानातला शॅमेलिऑन यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. ते पाळणं गुन्हा आहे, मग तो जखमी सापडलेला असो की कुणी प्रेमाने आणून दिलेला. परदेशी जातींपैकी ज्या साइटीस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनी ते बंधनकारक केलं आहे. हिरवा इग्वाना त्या यादीत येतो.

बाहेरचा किडा का नको

आंब्याला मोहोर यायच्या सुमारास तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि फळ धरेपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी चालू राहतात. डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड ही नावं बागायतदाराच्या घरात पोरांनाही पाठ असतात. काजूवर ढेकण्यासाठी वेगळी फवारणी, भातावर वेगळी, बांधावरच्या गवतावर तणनाशक वेगळं. त्यातही इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात उतरणारं. वरून पाऊस पडून पान धुतलं गेलं तरी आतलं औषध आतच राहतं. अशा पानावर पोसलेला नाकतोडा टणाटण उड्या मारत असला, तरी त्याच्या पोटात काहीच नाही असं समजू नका. किड्याला मारायला न पुरलेली मात्रा सरड्यात दिवसागणिक साठत जाऊ शकते, कारण सरडा एक किडा खात नाही, रोज पाच-दहा खातो.

आपली बाग नाही, आपल्याकडे फवारणी होत नाही, म्हणूनही निर्धास्त होऊ नका. नाकतोडा आणि पतंग उडत येतात. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत गावात धूरफवारणी होते. घरातली झुरळं तर सगळ्यात वाईट. शेजारच्या घरात लावलेली जेल, मोरीत मारलेली पावडर, दारात ओढलेला खडू, यातलं काय चाटून ती आपल्याकडे आली याचा पत्ता नसतो. शिवाय गटारातले जंतू आणि जंतांची अंडी ती अंगावर आणि पोटात घेऊन फिरतात. काही जंतांच्या आयुष्यक्रमात झुरळ हा मधला मुक्काम असतो, तिथून पुढचा सरडा. याच कारणाने भिंतीवरची पालही सरड्याला खायला घालू नये.

आता विषारी किड्यांबद्दल. यांची नावं घरातल्या सगळ्यांना, विशेषतः कौतुकाने काहीबाही पकडून आणणाऱ्या मुलांना, सांगून ठेवा.

काजवा सगळ्यात वर. मे अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर आपल्याकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात, त्यातला एखादा उडत काचपेटीच्या खोलीत येतो. काजव्यांच्या काही जातींच्या अंगात ल्युसिबुफॅगिन नावाचं द्रव्य असतं. भेकाच्या विषाशी त्याचं जवळचं नातं आहे आणि ते थेट हृदयावर परिणाम करतं. एका काजव्याने मोठा बिअर्डेड ड्रॅगन दगावू शकतो. म्हणून त्या दिवसांत खोलीच्या खिडकीला बारीक जाळी हवीच, आणि पेटी असेल त्या खोलीत रात्री उघड्या खिडकीशी दिवा नको.

पावसाळा सरताना वेलींच्या आणि कडधान्यांच्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे बसतात. देशावर त्यांना हिंगे म्हणतात. त्यांच्यातल्या कँथरिडिनने माणसाच्या कातडीला फोड येतात, मग सरड्याच्या आतड्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. रुईच्या झाडावरच्या पट्टेरी अळ्या आणि त्यांची नारिंगी फुलपाखरं रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात. पावसात भिंतीवर चढणारे वाणी, गोम, केसाळ सुरवंट, मधमाशा, गांधीलमाशा, हेही सगळे वर्ज्य.

काही गोष्टी विषारी नाहीत, तरी नकोतच. शेणखड्ड्यातल्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या बघून मोह होतो. त्या बहुधा माडावर पडणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या असतात, त्यांचे जबडे दणकट असतात आणि भुंग्याच्या बंदोबस्तासाठी त्या खड्ड्यातच औषध टाकलेलं असू शकतं. गांडूळखताच्या टाकीतले लाल गांडूळही नकोत. खतासाठी वापरली जाणारी ही जात डिवचली की उग्र वासाचा द्रव सोडते, तो बऱ्याच प्राण्यांना बाधतो. आणि सुकट, जवळा, सोडे कृपा करून देऊ नका. त्यात मीठ भरपूर असतं, पाणी नसतं, आणि सरड्याची मूत्रपिंडं ते मीठ बाहेर टाकण्यासाठी बनलेली नाहीत.

पहिल्या पावसात पंख फुटून बाहेर पडणारी वाळवी, याबद्दल मला नेहमी विचारलं जातं. अनुभवी माणसं ती देतात. पण घराच्या पायात आणि लाकडात वाळवीचं औषध घालायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती कुठल्या भिंतीतून आली हे हवेत उडताना कळत नाही. नवख्याने हा मोह टाळावा असंच माझं ठाम मत आहे.

मग द्यायचं काय

रोजच्या जेवणासाठी दोन-तीन जाती धरा. एकाच किड्यावर सरडा ठेवू नका. कुठलाही एक किडा सगळं देत नाही, आणि एकाच चवीची सवय लागलेला सरडा पुढे दुसरं काही तोंडात धरत नाही.

रातकिडे हे जुनं, खात्रीचं खाद्य. ताज्या वजनात प्रथिनं साधारण २० टक्के, चरबी ६-७ टक्के. चपळ असल्यामुळे सरड्याचा व्यायामही होतो. त्रास एवढाच की नर रात्रभर किरकिरतात, वास येतो आणि हयगय झाली की पटापट मरतात.

डुबिया झुरळ दक्षिण अमेरिकेतलं. पोषण रातकिड्याइतकंच, किंचित सरस. आवाज नाही, वास जवळजवळ नाही, गुळगुळीत प्लास्टिकच्या भिंतीवर चढता येत नाही, उडताही येत नाही. नवीन माणसाने एकच जात निवडायची म्हटलं तर मी हीच सांगेन. झुरळ म्हटल्यावर घरातले मोठे नाक मुरडतात, त्यांना डबा एकदा उघडून दाखवा. मोरीतल्या झुरळासारखी ती अंगावर धावून येत नाहीत, अंड्याच्या पुठ्ठ्याखाली दडून बसतात. घरात कुणाला दमा असेल तर मात्र विचार करा. झुरळांच्या लेंडीची आणि कातेची धूळ ॲलर्जी वाढवते, डबा साफ करताना तोंडाला फडकं बांधलेलं बरं.

मीलवर्म म्हणजे एका भुंगेऱ्याची अळी. पाळायला सगळ्यात सोपी, पण चरबी साधारण १३ टक्के आणि कवच कडक. रोजच्या ताटात मुख्य पदार्थ म्हणून नको. नुकतीच कात टाकलेली अळी पांढरीफटक आणि मऊ असते, ती वेचून लहान सरड्याला दिली तर पचायला सोपी जाते. सुपरवर्म हा त्याहून मोठा भाऊबंद. शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानांत अरोवाना माशांसाठी ठेवलेला असतो, म्हणून चटकन मिळतो. चरबी १८ टक्क्यांच्या आसपास आणि जबडा चावरा. मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनला अधूनमधून ठीक, पिल्लाला अजिबात नाही.

मेणअळ्यांत चरबी २० टक्क्यांच्या वर असते. आजारातून उठलेल्या सरड्याला अंग धरायला थोड्या द्याव्यात, एरवी पंधरवड्यातून एखादी. रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर सोनं: पाणी भरपूर, चरबी अगदी कमी, अंग मऊ. फक्त त्यांना दिलेला तुतीचा पाला बिनफवारणीचा हवा.

राहिली काळ्या सैनिक माशीची अळी. आपल्या अंगात कॅल्शियमचा चांगला साठा असलेली खाद्यकिड्यांतली ही मोठी अपवादात्मक जात. ओल्या कचऱ्याच्या खताच्या बादलीत चपट्या, करड्या, चिवट अळ्या दिसतात त्या बहुधा याच. पण बादलीत काय काय पडतं त्यावर त्या पोसतात आणि कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवतात. तेव्हा कचऱ्यातल्या उचलू नका, वेगळ्या डब्यात स्वच्छ भाजीच्या देठांवर वाढवलेल्याच द्या.

विकत घेताना आणि घरी आल्यावर

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. किडे तुम्ही स्वतः वाढवता की दुसरीकडून आणता? त्यांना खायला काय घालता? शेवटचं खाद्य कधी घातलं? जो स्वतः वाढवतो तो या प्रश्नांवर खूश होऊन पंधरा मिनिटं बोलतो. "काही घालायला लागत नाही, जगतात" असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका. मासेमारीच्या आमिषासाठी विकल्या जाणाऱ्या अळ्याही नकोत.

पार्सल रात्रीच्या बसने येईल असं बघा. एप्रिल-मेच्या दुपारी बंद डिकीत किडे उकडून मरतात. डबा उघडताच नाकात अमोनियाचा झोंबरा वास भरला, तळाशी काळ्या पडलेल्या अळ्यांचा थर दिसला, तर उरलेले जिवंत किडेही सरड्याला देऊ नयेत. माल चांगला असला तरी किमान आठवडाभर, जमलं तर दोन, वेगळ्या डब्यात ठेवा आणि आपलं स्वच्छ खाद्य घाला. तेवढ्यात त्यांच्या पोटातलं आधीचं सगळं बाहेर पडतं आणि रोगट असतील तर कळतं.

घरचा डबा

कोकणात राहणाऱ्याने स्वतःचे किडे वाढवावेत असं मी आग्रहाने सांगतो. एक तर डुबियाच्या पैदाशीला २८ ते ३२ अंश तापमान लागतं, ते इथे वर्षातले बरेच महिने हिटरशिवाय मिळतं. दुसरं, घाट बंद पडला, रेल्वे थांबली, वादळ आलं की पार्सलं अडकतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी घरचा डबाच कामाला येतो.

डुबियासाठी साधारण ४० लिटरचा गडद रंगाचा, गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिक डबा घ्या. झाकणाला दोन मोठी भोकं पाडून स्टीलची बारीक जाळी गरम गोंदाने चिकटवा. नायलॉनची जाळी किडे कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, आडवे लावले तर लेंडी त्यांवरच साचते. एका नराला तीन-चार माद्या हा हिशोब पुरे. मादी पिल्लंच घालते, एका वेळेला वीस-तीस. पिल्लाचं पूर्ण झुरळ व्हायला चार ते सहा महिने जातात, म्हणून पहिले काही महिने वसाहतीला हात लावू नका, तोवर विकतच्यांवर भागवा. आणि एकही डुबिया घराबाहेर सोडू नका. आपली हवा त्यांना मानवणारी आहे आणि त्या इथल्या नाहीत.

रातकिड्यांना अंडी घालायला ओलसर जागा लागते. त्यासाठी काथ्याचा भुसा उत्तम, तो आपल्याकडे मुबलक. त्यात खारटपणा असतो, म्हणून गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, पिळून वापरा. पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडून मरतात, गाजराची चकती पुरते.

मीलवर्मला गव्हाचा कोंडा, दोन-तीन इंच थर. भाताचा कोंडा घेऊ नका, त्यातलं तेल लवकर खवट होतं. कोंडा चाळून, कढईत मंद आचेवर गरम करून, पूर्ण गार झाल्यावर वापरा, म्हणजे त्यातले पोरकिडे आणि त्यांची अंडी मरतात. अळ्या जास्त झाल्या तर डबा फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला तरी चालतो, त्यांची वाढ मंदावते. सुपरवर्म मात्र फ्रीजमध्ये मरतात. त्यांची आणखी एक गंमत: एकत्र गर्दीत ठेवले तर ते कोषात जातच नाहीत. भुंगेरे हवे असतील तर एकेक अळी वेगळ्या डबीत ठेवावी लागते.

आता पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडे डबे नासतात ते याच दिवसांत. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, आठवडा आठवडा ऊन नाही. कोंडा ओल धरतो, गोळे होतात, कुबट वास सुटतो. मग एक दिवस डब्याच्या आतल्या काठावर बारीक फिकट पिठासारखी रेघ दिसते. वाटतं, कोंडाच उडाला असेल. दोन मिनिटं टक लावून बघा, ती रेघ हलते. ते माइट्स, कोळ्याच्या कुळातले धुळीएवढे जीव. ओल आहे तोवर ते वाढतच जाणार.

असं झालं की कोंडा वाचवायच्या भानगडीत पडू नका. अळ्या चाळणीने चाळून नव्या कोरड्या कोंड्यात घ्या, जुना कोंडा पिशवीत बांधून घराबाहेर काढा, डबा उकळत्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा. मुळात ते होऊ नये म्हणून गाजराची चकती सकाळी घालून संध्याकाळी काढायची, कोंड्याचा थर एरवीपेक्षा पातळ ठेवायचा, आणि डबा फ्रीजच्या मागच्या कोरड्या, उबदार कोपऱ्यात सरकवायचा. हिरवी, काळी, पिवळी, कुठलीही बुरशी दिसली की तो भाग काढून भागत नाही, सगळाच कोंडा टाका. बुरशीची विषं नजरेला दिसत नाहीत आणि अळीच्या पोटातून सरळ सरड्यात जातात.

मुंग्यांसाठी आपला जुना उपाय आहेच. डब्याखाली चार वाट्या, वाट्यांत पाणी, पाण्यात साबणाचा थेंब. मुंग्यांची पावडर किंवा खडू डब्याच्या जवळपासही नको. तसंच मच्छर अगरबत्ती आणि भिंतीवरचं लिक्विड मशीन. त्यातली औषधं पायरेथ्रॉइड गटातली, म्हणजे डासाबरोबर रातकिडाही मारणारी. किडे आणि सरडा ज्या खोलीत आहेत तिथे मच्छरदाणी वापरा.

किड्याला आधी जेवू घाला

उपाशी किडा म्हणजे नुसतं कवच. सरड्याला द्यायच्या आधी २४ ते ४८ तास किड्यांना चांगलं खाऊ घालायचं, ते पोटात असतानाच द्यायचे. यासाठी कोकणात शेवग्याच्या पाल्यासारखं दुसरं काही नाही: कॅल्शियम भरपूर, परसात फुकट, आणि शेवग्यावर सहसा कुणी फवारत नाही. सोबत गाजर, लाल भोपळा, रताळं, पिकलेली पपई. अळू आणि पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकतं. कुत्र्या-मांजराचं खाद्य स्वस्त आणि सोपं वाटतं, पण प्रथिनांचा मारा झाला की झुरळं अंगात युरिक आम्ल साठवतात आणि तो भार सरड्यावर येतो. बाजारातून आणलेली भाजी धुऊन, सोलून, तासभर पाण्यात ठेवूनच घाला.

कॅल्शियम

सरड्याला आहारात फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम लागतं. बहुतेक किड्यांत हिशोब नेमका उलटा असतो, फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. ही तूट वरून भुकटी लावून भरली नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. हा आजार नव्या पाळणाऱ्यांकडे सगळ्यात जास्त दिसतो आणि जवळजवळ नेहमी टाळता येतो.

फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी घ्या. कोरड्या बरणीत चिमूटभर टाकून किडे घाला, बरणी हलकेच फिरवा, आणि लगेच द्या. रातकिडे अंग चाटूनपुसून भुकटी काढत राहतात. पिल्लांना जवळजवळ प्रत्येक जेवणाला, मोठ्यांना एक दिवसाआड. डी३ जीवनसत्त्व असलेली भुकटी वेगळी ठेवा, ती डब्यावर लिहिल्याप्रमाणे आणि मोजूनच, कारण जास्तीचं डी३ शरीरात साठतं आणि अवयवांत चुना साचवतं. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा असेल तर डी३ कमी लागतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी उरत नाही, आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात तर ऊनच नसतं. म्हणून बिअर्डेड ड्रॅगनसाठी हा दिवा घ्यायलाच हवा, आणि तो पेटत असला तरी वर्षभराने बदलायला हवा.

समुद्रफेन वापरता येईल का? येईल. माकुलाच्या पाठीतला हा पांढरा हलका तुकडा बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच असतो आणि किनाऱ्यावर सहज सापडतो. गोड्या पाण्यात चार-पाच दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग उकळून कडक उन्हात वाळवा. मऊ भाग खरवडून, कुटून, वस्त्रगाळ करा. बंदराजवळच्या, तेलकट किनाऱ्यावरचा उचलू नका. मोठ्या, निरोगी सरड्याला हे चालतं. पिल्लू असेल किंवा हाडांचा त्रास आधीच सुरू झाला असेल तर तयार भुकटीच वापरा.

पानाला लावायचा चुना मात्र कधीही नाही. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक. तोंड आणि अन्ननलिका भाजून निघेल. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालणंही नको, त्यातल्या डी३ची मात्रा माणसाच्या वजनाची असते.

प्रत्यक्ष खायला घालताना

किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराइतकी, त्याहून मोठी नको. मोठा घास आतड्यात अडकतो. लेपर्ड गेकोचं पिल्लू रोज खातं, मोठा आठवड्यातून दोन-तीनदा. गेकोच्या अंगाच्या लांबीच्या दर इंचाला दोन किडे हा ढोबळ हिशोब सुरुवातीला पुरतो. शेपूट मानेपेक्षा जाड दिसू लागली की हात आखडता घ्या.

रातकिडे एकदम वीस सोडू नका. दोन-तीन सोडा, ते संपले की पुढचे. पंधरा मिनिटांनी उरलेले सगळे काढा. पेटीत राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याचे पापणीचे कोपरे आणि पायाची बोटं कुरतडतात. मीलवर्म चिनीमातीच्या किंवा काचेच्या खोलगट वाटीत ठेवा, म्हणजे ते वाळूत घुसत नाहीत. सुपरवर्म चिमट्याने, डोक्याकडून पुढे करा.

पोटातलं अन्न उबेवर पचतं. लेपर्ड गेकोच्या उबदार कोपऱ्याची जमीन ३१ ते ३३ अंश, बिअर्डेड ड्रॅगनच्या शेकायच्या जागी ३८ ते ४२. वीज गेली आणि ऊब येत नसेल तर खाणं थांबवा. मोठा निरोगी सरडा आठवडाभर सहज उपाशी राहतो, पण थंड पोटात पडलेला किडा आतच कुजतो. खायला घालून झालं की हात साबणाने धुवा. सरड्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला बाधणारा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना हे काम देऊ नका, आणि खाद्याची वाटी, चिमटा स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नका.

काय दिसलं तर थांबायचं

विष्ठा रोज बघा. चांगली विष्ठा तपकिरी, आकार धरलेली, एका टोकाला पांढरा खडूसारखा भाग. सलग दोन दिवस पातळ, दुर्गंधी येणारी, किंवा न पचलेले अख्खे किडे दिसले, तर नवीन किडे बंद करून तापमान तपासा. जबडा मऊ, अंग थरथरतंय, पाय ओढतोय, खाल्ल्यावर लगेच तोंड उघडं टाकून धाप लागते, किंवा काजवा-भुंगेरा गिळल्याचा नुसता संशय आहे, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

तालुक्याच्या ठिकाणी गुरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर मिळतात, सरड्यांचे क्वचित. म्हणून प्राणी घरी आणण्याआधीच मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधून त्यांचा नंबर लिहून ठेवा. फोनवरून सल्ला देतात का, तेही तेव्हाच विचारा. जाताना ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घ्या, वाळू न लागलेली, शक्यतो त्याच दिवसाची. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तीत तपासता येतात. सोबत किड्यांच्या डब्याचा फोटो, भुकटीच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो, आणि उबदार व थंड कोपऱ्यांचं तापमान कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिले प्रश्न तेच विचारतील.